गाठ माझ्याशी हाय

दोरी चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हसुकाका. दुकानातून काथ्याच्या दोरीचं नवं वेटोळं आलं की त्याचं टोक ते दाताखाली धरायचे, डोळे मिटून दोनदा चावायचे आणि मग एकतर मान हलवायचे, नाहीतर थुंकायचे. थुंकले की वेटोळं परत. "खारट हाय." संपलं. दुकानदार आईची शपथ घेऊन सांगायचा की माल कोरा आहे. हसुकाका म्हणायचे, "कोरा हाय ना? मंग समिंदरात कवा गेला व्हता?"

आमच्या किनाऱ्यावर होड्यांवरून उतरवलेले जुने दोर गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून नव्याच्या भावात खपवणारे लोक आहेत. मिठाने आतून खाल्लेली दोरी हाताला कळत नाही, जिभेला कळते. पण हे मला फार उशिरा समजलं. पहिल्या दिवशी मला एवढंच दिसलं की एक म्हातारा दोरी खातोय, आणि त्याच्या खाण्यापायी तीस-चाळीस माणसांचं काम अडलंय. मला संशय आला.

संशय घेणं हे माझं कामच आहे. बांधकामावरच्या मजुरांसाठी आम्ही चार-सहा जण पत्रकं काढतो आणि साइटवर जाऊन वाटतो. रेवसच्या वाटेवर, खाडीच्या कडेला तेव्हा पाच मजल्यांची एक इमारत चढत होती. मुंबईच्या लोकांना खिडकीतून समुद्र विकायचा होता. तो समुद्र दिसावा म्हणून झारखंडचे गवंडी आणि सोलापूरकडच्या बाया बांबूच्या परांचीवर उभ्या राहून गिलावा करत होत्या. ही परांची बांधायचं काम हसुकाकांकडे. वय साठीच्या पुढे, अंगावर बनियन, गुडघ्यापर्यंत चड्डी, कमरेला कोयता.

"काका, नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"कनाला पायजे?"

"सहज."

"सहज कोन नाव इचारतं? कुठून आयलीस? कोनी धाडली?"

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते उन्हाकडे धरून आरपार पाहिलं, नोट खरी की खोटी बघतात तसं, आणि परत दिलं. "कागद पातल हाय," म्हणाले. नाव मला चहावाल्याकडून कळलं.

हसुकाकांचा या जगात कशावरच भरवसा नव्हता. बांबू आला की ते बोटाच्या पेराने वाजवत पुढे जायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "यो हसला." हसला म्हणजे आतून तडकला. हसलेला बांबू बाजूला. परांचीच्या प्रत्येक उभ्या खांबाखाली जाड लाकडी तुकडा हवा, त्याला ते चप्पल म्हणत. "अनवानी खांब जमिनीत घुसतो." साइटवर निम्म्या माणसांच्या पायात चप्पल नव्हती, खांबांना मात्र सगळ्यांना होती. मी हे वाक्य तेव्हा वहीत टिपून ठेवलं होतं. पत्रकात चांगलं दिसलं असतं.

ठेकेदाराने हेल्मेट आणली, तेव्हा मी स्वतः तिथे होते. ती आमच्या मागणीमुळे आली होती, आणि मी फोटो काढायला गेले होते. हसुकाकांनी एक हेल्मेट उचललं, जमिनीवर पालथं ठेवलं, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन तिथून त्यावर नारळ सोडला. हेल्मेट फुटलं. नारळ शाबूत.

"ह्यापरीस नारल घाला डोक्यात," ते वरून म्हणाले.

सगळे हसले. मी नाही. आमच्या आंदोलनाचं पहिलं फळ या माणसाने नारळाने फोडलं होतं. सुरक्षेच्या पट्ट्यांचीही तीच गत. कमरेला पट्टा बांधून ऐटीत उभ्या असलेल्या गवंड्याला ते विचारायचे, "पट्टा बांधलास, बरा क्येलास. पन त्याचा दुसरा टोक कुठं हाय?" बहुतेक वेळा दुसरं टोक त्याच्याच खिशात असायचं. आणि फळीवर विटांचा ढीग दिसला की खालून आरोळी: "परांची हाय ती, सामान ठेवायचा माला न्हाय! उतरव!"

एवढ्यावर मी त्यांना तऱ्हेवाईक म्हणून सोडून दिलं असतं. पण तीन गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आणि कानांनी ऐकल्या.

एक म्हणजे सोमरा. झारखंडचा चांगला गवंडी. एका सकाळी तो शिडीवर पाय ठेवणार, तोच हसुकाकांनी त्याच्या मानेला हात लावला आणि ते म्हणाले, "आज तू खाली." बस. कारण नाही, चर्चा नाही. सोमरा दिवसभर खाली माल कालवत बसला. सवाल असा आहे की हा अधिकार त्यांना दिला कोणी?

दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. नवी बाई कामावर आली की हसुकाका तिच्यासमोर उभे राहायचे आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत, परत पायापासून डोक्यापर्यंत बघायचे. शांतपणे. लाज नाही, घाई नाही. सोलापूरकडची सुमित्रा आली त्या दिवशी तर त्यांनी तिला "जरा फिर," म्हणून सांगितलं आणि बाजूनेही पाहिलं. मी तिथेच ते वहीत टिपून घेतलं.

आणि तिसरी गोष्ट ही. कपडे वाळत घालायला दोरी हवी म्हणून एका पोरगेल्या गवंड्याने परांचीची एक गाठ सोडली होती. हसुकाका त्याला भिंतीशी उभं करून, बोट नाचवत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "ध्यानात ठेव! गाठ माझ्याशी हाय! माझ्याशी!"

मराठीत याचा अर्थ काय होतो, हे शाळेतल्या मुलालाही विचारा.

त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. "परांचीवरचा हा हुकूमशहा कोण? 'गाठ माझ्याशी आहे' अशी मजुरांना उघड धमकी! महिला मजुरांकडे आपादमस्तक रोखून पाहणे! मनात येईल त्याला कामावरून उतरवणे! ठेकेदाराचा हा हस्तक ताबडतोब हटवा!" एका पानात इतकी उद्गारचिन्हं मी पूर्वी कधी वापरली नव्हती.

सकाळी दहाला पत्रक वाटलं. बाराला हसुकाका फाटकाबाहेर होते.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आमच्या आधीच्या सगळ्या पत्रकांवर त्या ठेकेदाराने वडे खाल्ले होते. हे पहिलंच, ज्याची त्याच दिवशी अंमलबजावणी झाली. ते त्याने प्लास्टिकच्या पारदर्शक फाइलमध्ये घातलं होतं आणि मला दाखवत म्हणाला, "मॅडम, कामगारांच्या भावनांचा आम्ही आदर करतो. असंच लिहीत जा."

असंच लिहीत जा! ठेकेदाराच्या तोंडून! मी घरी येईपर्यंत आनंदाला भोक पडलं होतं. दोन तासांत? ज्याने हेल्मेटसाठी आम्हाला दोन महिने झुलवलं, त्याने दोन तासांत? हस्तक जर त्याचाच होता, तर हटवताना त्याचा चेहरा लग्न जमल्यासारखा का फुलला होता?

दुसऱ्या दिवशी सुमित्राकडे गेले. तिने माझ्या हातातलं पत्रक घेतलंच नाही.

"ताई, तुम्ही आमच्यासाठी लिहिता ना?"

"हो."

"मग आमाला इचारून तरी लिवत जा."

"तो माणूस तुझ्याकडे कसा बघत होता, मी पाहिलंय."

"बघत व्हता की. माप घेत व्हता." तिने मला हाताला धरून परांचीखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. "ती बगा माझी जागा. बाकीच्यांचा कठडा त्यांच्या कमरेला येतो. मी बुटकी, तो आडवा बांबू माझ्या छातीला यायचा, खालनं सगळं मोकळं. म्हनून माझ्या जागेला अजून एक आडवा बांधला काकांनी, माझ्या कमरेइतका. आन् घमेलं वर द्यायला चवडं उचलाय लागू नये म्हनून पायाखाली एक फळी जास्तीची. तुमच्या हेल्मेटात हाय का माप?"

"आणि सोमरा?"

"ताप व्हता त्याला. वर चक्कर आली असती तर? खाली कालवायला बसिवला म्हनून त्याचा दिवस तरी भरला." मग तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तुम्ही कधी चढलाय का वर?"

मी परांचीवर सहा पत्रकं लिहिली होती. परांचीवर एकदाही पाय ठेवला नव्हता. मी विषय बदलला.

पण संशयाची एकदा सवय लागली की ती सहज सुटत नाही. मी स्वतःला बजावलं, एक आडवा बांबू म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. शिवाय आमच्यात माफीचं पत्रक काढायची पद्धत नाही. तसा मजकूरच कोणाकडे तयार नाही.

हसुकाकांच्या जागी मुकादमाचा मेव्हणा परांची बांधू लागला. समुद्राकडची बाजू त्याने आठवड्यात उभी केली. काम झपाट्याने चाललं होतं. दोरी कोणी चाखत नव्हतं, बांबू कोणी वाजवत नव्हतं. दहाव्या दिवशी सुमित्राचा फोन आला.

"ताई, पहाटं परांची करकरती. वारा नसताना. कोनीतरी चढतंय. आन् सकाळी बघावं तर खालच्या गाठी बदललेल्या असत्यात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सूड! कामावरून काढलेला माणूस अंधारात येऊन गाठी सोडतोय! मी खरोखरच हा मथळा मनात जुळवला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, फोन चार्ज करून, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमागच्या तुटक्या कुंपणातून मी आत शिरले.

तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर हसुकाका होते. पाय अनवाणी, दातात विजेरी, गळ्यात काथ्याचं वेटोळं, हातात कोयता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एक गाठ कापली.

"काका! मी सगळं रेकॉर्ड करतेय!" मी ओरडले.

त्यांनी विजेरी दातातून काढली. "वरडू नको गो. मुकादम उठंल."

"गाठ का कापली?"

"माझी न्हाय म्हनून." नव्या दोरीचे वेढे घालताघालताच ते बोलत होते. आडवा बांबू जागचा हलला नव्हता. एक गाठ कापायच्या आधीच त्यांनी तिच्याशेजारी दुसरी बांधलेली होती. "ही बग." त्यांनी कापलेला तुकडा खाली टाकला. मी उचलला. दोन बोटांत पिळला तसा त्याचा भुसा झाला. "होडीचा दोर हाय. मेव्हण्यानं आनलाय. तू लिवलास ना, गाठ माझ्याशी हाय म्हनून? मी वाचून घेतला शेजारच्या पोरीकडनं. बरोबर लिवलास. सगल्या कागदात तेवढाच बरोबर हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे गाठ माझ्याशी हाय! माझ्या गाठीवर मानूस चढला, पडला, तर कोनाला इचारशील? मनाच ना? मंग ती माझ्याशीच पायजे. ज्याची गाठ कोनाशीच न्हाय, त्या परांचीवर कोनी चढायचा न्हाय. ह्यात धमकी कुठं आयली?"

मी फोन खाली केला. एवढ्या साध्या वाक्याचा एवढा साधा अर्थ असू शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मी ठेकेदाराशी बोलते," मी म्हटलं.

"तू काय बोलनार? तू कागद बांधतेस, मी बांबू." आणि मग घाईघाईने, "येल कमी हाय. अर्ध्या तासात किती व्हनार? दहा दिसांत तीन मजले झाले. चौथा ऱ्हायलाय. आज चौथ्यावर चढवनार हायत म्हनं."

तेवढ्यात खोल्यांकडून मुकादम आलाच. हातवारे झाले, शिव्या झाल्या. हसुकाका मुकाट्याने खाली उतरले. मुकादमाने त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. बाहेरून ते मुकादमाशी नाही, माझ्याशी बोलले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"बाय, चौथ्याला हात न्हाय लागला माझा. सुमित्राची जागा हाय तिथं. कोनाला चढू देऊ नको."

मी पळत गेले आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. दुसरं काही सुचलं नाही. आठ वाजता माणसं आली. मी तो भुसा झालेला दोर सुमित्राच्या हातात दिला. तिने तो सोमराला दिला, सोमराने पुढच्याला. मुकादम ओरडला, "चला, चढा वर! बाईंचं काय ऐकता?"

सोमराला मराठी येत नाही. बांधकामावर दोन वर्षं काढून त्याला एकच मराठी वाक्य येत होतं, हसुकाकांकडून रोज ऐकलेलं, आणि ते त्याने हसुकाकांच्या बोलीत, नाकातून म्हटलं, "गाठ कोनाची?"

"अरे, तुला काय करायचंय?"

"गाठ कोनाची?" मागून आणखी दोघे. मग बाया. सोलापूर, झारखंड, रायचूर, सगळ्यांच्या तोंडी तेच एक वाक्य. मेव्हण्याकडे सगळ्यांनी पाहिलं. "माझी आहे" असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं आणि परत मिटलं. म्हटलं असतं तर पहिलं त्याला चढावं लागलं असतं.

माणसं खाली बसली. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं, तर सुमित्रा म्हणाली, "ताई, गप बसा जरा." मी गप बसले. बारा वाजेपर्यंत कोणी उठलं नाही. बाराला ठेकेदार आला, गाडीतून उतरला, समुद्राकडची कोरी भिंत पाहिली, चौथ्या मजल्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोलवा त्या म्हाताऱ्याला."

स्कूटर माझ्याकडेच होती. गाव दहा मिनिटांवर. हसुकाका पडवीत बसले होते. स्वच्छ बनियन, केस पाण्याने चोपलेले, पायात चप्पल. पडवीत बसलेला माणूस पायात चप्पल घालून का बसेल, हा संशय मला यायला हवा होता. आला नाही.

"चला काका, बोलावलंय."

"कोनी?"

"ठेकेदाराने."

"त्याला काय ताप आयलाय?"

"चौथ्यावर कोणी चढलं नाही. सगळे बसून आहेत."

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मना येल न्हाय. कामं हायत घरात," आणि आत गेले. आतून कसलाच आवाज आला नाही. भांड्याचा नाही, पाण्याचा नाही. कोणाचाच नाही.

शेजारच्या अंगणात एक म्हातारी बोंबील वाळत घालत होती. तिने हात न थांबवता मला विचारलं, "तूच का ती कागदवाली?"

"हो."

"बायको त्याची पनवेलला पोराकडं असते, नातवंडं सांभालते. यो मागं गेला व्हता दोन दिस ऱ्हायला. आठवा माला त्यांचा. गिलावा बगून, भरवसा न्हाय म्हनत परत आयला." तिने एक बोंबील उलटवला. "अकरा दिस झाले. पहाटचा डबा भरून ठेवतो, जातो, येतो, अंग धुतो, नि तयार व्हऊन हितं बसतो. एक वाजला की डबा सोडतो नि एकटाच खातो. मी म्हनलं, घरातच हायस तर ताटात घे ना रं. तर म्हनतो, डबाच बरा वाटतो."

मी स्कूटर वळवून रस्त्याकडे केली.

हसुकाका बाहेर आले. गळ्यात काथ्याचं वेटोळं, कमरेला कोयता, हातात कापडात बांधलेला डबा. निरोप नुकताच आला होता. डबा बांधून सात तास झाले होते. त्यांनी तो माझ्याकडे दिला, स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले, आणि परत मागून घेऊन मांडीवर ठेवला.

"आधी चौथा माला बगू," ते म्हणाले. "मंग जेवू. तिकडंच."

"बरं."

स्कूटर सुरू केली. गावाबाहेरच्या वळणावर, वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी पुढे वाकून पुन्हा विचारलं, "सगली थांबलीत ना? जेवली तर न्हायत?"

"नाही," मी म्हटलं. "थांबलीत."